कॉर्नफ्लेक्स, करीना आणि कांदेपोहे

नाश्ता करायचा की नाही? केला तर किती वाजता? आणि त्यात पोहे चालतात की ओट्सच हवेत? डाएटच्या या गलक्यात आपली सकाळ कुठे हरवली, ते शोधत पनवेल लोकलमधून मारलेला एक खमंग फेरफटका...

विचुंब्यात राहणाऱ्यांना नाश्त्याच्या बाबतीत एक भौगोलिक मान आहे. हसू नका, खरंच आहे! आमच्या एका अंगाला पस्तीसेक किलोमीटरवर पेण. गणपतीच्या मूर्तींइतकंच पोह्यांसाठी आणि पापडांसाठी नावाजलेलं गाव. दुसऱ्या अंगाला, त्याहून कितीतरी जवळ, तळोजा एमआयडीसी. १९९४ साली केलॉग्ज कंपनी भारतात आली ती थेट इथे, तळोज्यात कारखाना टाकून. म्हणजे इकडे पोहे, तिकडे कॉर्नफ्लेक्स आणि मधोमध आम्ही, हातात डबा घेऊन पनवेल स्टेशनकडे धावणारे!

ज्यांना विचुंबे माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. नवीन पनवेलला खेटून असलेलं हे मूळचं आगरी गाव, भातशेतीचं. १९९८ साली हार्बरची लोकल पनवेलपर्यंत आली आणि मुंबईत नोकरी, पनवेलला घर हे गणित जमायला लागलं. पनवेल भरलं, नवीन पनवेल भरलं, मग आजूबाजूच्या गावांत बिल्डिंगी उभ्या राहिल्या. आम्हीही त्याच लाटेतले. आता गावातल्या जुन्या घरांत सकाळी तांदळाची भाकरी थापली जाते आणि समोरच्या सहा मजली बिल्डिंगीत कुणीतरी मिक्सरमध्ये हिरवी स्मूदी फिरवत असतं. दोन्ही घरांच्या मधे जेमतेम एक रस्ता.

एक घर, तीन नाश्ते

आमचं घर पाच माणसांचं. गेल्या वर्षापर्यंत नाश्ते मात्र तीन होते. दादा जिमवाला, त्यामुळे त्याला ओट्स आणि चार अंड्यांचा पांढरा भाग. वहिनी सोळा-आठवाली, म्हणजे सोळा तास उपास आणि आठ तासांत काय ते खाणं. सकाळी तिची फक्त बिनसाखरेची काळी कॉफी. मी आणि बाबा पोहे-उपमा पार्टी. आणि आई? आई हे सगळं करणारी. तिचा स्वतःचा नाश्ता साडेनऊला, ओट्याशी उभ्यानं, कढईच्या तळाला जे उरेल ते.

हे असंच चाललं असतं. पण बाबांचा शुगरचा रिपोर्ट आला. तीन महिन्यांची सरासरी सांगणारं ते एचबीएवनसी ७.९ निघालं. आणि घरात एकदम पाच डाएटिशियन जन्माला आले! दादा म्हणाला, "पोहे बंद, ओट्स सुरू." वहिनी म्हणाली, "बाबा, नाश्ताच सोडा." बाबांच्या मॉर्निंग वॉकच्या ग्रुपवर रोज सकाळी सहाला नवा मेसेज: कधी मेथीचं पाणी, कधी कडुलिंब, कधी काय. बाबा बिचारे कपभर चहा घेऊन सगळ्यांकडे बघत बसायचे. "मला एवढंच सांगा, आज सकाळी खायचं काय?"

प्रश्न साधा होता. उत्तर शोधायला मात्र मला बरंच हिंडावं लागलं. सुरुवात केली रोजच्या लोकलपासून.

खारघरच्या आत डबा संपव!

पनवेल हे हार्बरचं पहिलं स्टेशन. त्याचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे बसायला मिळतं. सात-सव्वासातच्या लोकलच्या लेडीज डब्यात एक अलिखित नियम आहे: खारघर यायच्या आत नाश्ता उरकायचा. बेलापूर-नेरूळनंतर कोपर हलवायलाही जागा नसते, मग चमचा कुठून हलणार? त्यामुळे गाडी सुटली रे सुटली की झाकणं उघडतात आणि डब्यात फोडणीचा, लोणच्याचा, उकडलेल्या अंड्याचा एकत्र वास पसरतो. माझं ऑफिस बीकेसीत, उतरायचं कुर्ल्याला. तासभर हातात. एक आठवडा मी फक्त डबे बघितले.

सगळ्यात जास्त वेळा दिसली ती चपातीची गुंडाळी. कधी तूप-साखर, कधी चटणी, कधी कालची भाजी. एका हातात धरता येते, सांडत नाही, चमचा लागत नाही. त्याखालोखाल पोहे आणि उपमा. मग थालीपीठ, इडली, अंडी. खांदेश्वरला चढणाऱ्या आयटीवाल्या मुलीकडे काचेच्या बरणीत रात्रभर दुधात भिजवलेले ओट्स, वर चिया आणि केळ्याच्या चकत्या. दिसायला एकदम मॅगझिनच्या कव्हरसारखे! तिच्या शेजारी मटार सोलत बसलेल्या काकूंनी बरणीकडे बघून विचारलं, "हे गार गार सकाळी जातं गं तुला?" ती म्हणाली, "काकू, गॅस पेटवायला वेळ कुणाकडे आहे?"

मुंबईच्या एका हॉस्पिटलात नर्स असलेल्या ताई तर फारच भारी बोलल्या. "डाएट-बिएट काही नाही गं. माझा डाएटिशियन म्हणजे रेल्वेचं टाइमटेबल!"

मला वाटतं, डाएटची अनेक पुस्तकं जे सांगत नाहीत ते या दोघींनी दोन वाक्यांत सांगितलं. आपण सकाळी काय खातो हे बऱ्याचदा तब्येत ठरवत नाही. घड्याळ ठरवतं.

फ्लेक्सवाल्या डॉक्टरची गोष्ट

हे घड्याळ सगळ्यात आधी ओळखलं कॉर्नफ्लेक्सवाल्यांनी. त्यांची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात बॅटल क्रीक नावाचं गाव आहे. तिथे डॉ. जॉन हार्वे केलॉग एक आरोग्यधाम चालवायचे. मांसाहार बंद, व्यायाम, मोकळी हवा, साधं धान्य असा सगळा शिस्तीचा मामला. हेन्री फोर्डसारखी बडी मंडळी तिथे जायची. आजच्या भाषेत सांगायचं तर सेलिब्रिटी क्लायंट असलेले ते डाएट गुरूच! १८९४ साली शिजवून राहिलेला गहू रोलरमधून काढताना त्याचे पापुद्रे निघाले आणि फ्लेक्सचा जन्म झाला. पुढे मक्याचे फ्लेक्स आले. डॉक्टरांचे धाकटे भाऊ विल्यम यांनी १९०६ मध्ये कंपनी काढली आणि आजाऱ्यांचं पथ्य जगाच्या टेबलावर नेऊन ठेवलं.

आणखी एक गंमत. 'नाश्ता हे दिवसातलं सगळ्यात महत्त्वाचं खाणं' हे वाक्य आपण शाळेपासून ऐकतोय ना? ही कल्पना लोकांपर्यंत नेण्यात १९१७ सालच्या एका लेखाचा मोठा वाटा मानला जातो. लेखिका आहारतज्ज्ञ लेना कूपर, मासिकाचं नाव 'गुड हेल्थ' आणि त्याचे संपादक... बरोबर ओळखलंत, डॉ. केलॉग!

तर हे फ्लेक्स १९९४ मध्ये आमच्या शेजारी तळोज्यात आले. मोहनचे कॉर्नफ्लेक्स त्याआधीही मिळायचे, पण एवढ्या गाजावाजाने कुणी आलं नव्हतं. सुरुवातीच्या जाहिरातींचा सूर साधारण असा, की तुमच्या पारंपरिक नाश्त्यात पोषण कमी पडतंय. आता आपल्या आईच्या हातच्या नाश्त्याला कुणी नावं ठेवली तर कुणाला आवडेल? शिवाय आपली सवय गरम दुधाची. कुरकुरीत म्हणून विकत आणलेले फ्लेक्स गरम दुधात पडले की दोन मिनिटांत त्यांचा लगदा. नव्याची नवलाई ओसरली आणि विक्री घसरली. मग कंपनीने लहान मुलांसाठी चॉकोज आणले, इथल्या जिभेला रुचतील अशा चवी आणल्या आणि हळूहळू जम बसवला. पुढे ओट्सचंही तेच झालं. साध्या ओट्सला नाक मुरडणाऱ्या घरांत मसाला ओट्स सहज शिरले. सातासमुद्रापलीकडच्या धान्यालाही शेवटी आपली फोडणी घ्यावीच लागली!

यातला विनोद असा की मका शिजवून, चपटा करून, भाजला की झाले कॉर्नफ्लेक्स. आणि भात भिजवून, भट्टीत भाजून, चपटा केला की झाले पोहे. मूळ युक्ती एकच. आपल्याकडे ती बॅटल क्रीकच्या कितीतरी आधीपासून उखळात मुसळाने चालू होती. सुदाम्याच्या पुरचुंडीत काय होतं, आठवा!

साइझ झीरो आणि तुपाची धार

आता येऊ या सेलिब्रिटींकडे. २००८ साली 'टशन' आला. सिनेमा चालला नाही, पण करीना कपूरची 'साइझ झीरो' फिगर तुफान चालली. कॉलेजातल्या मुली सॅलडच्या पानांवर दिवस काढायला लागल्या. त्याच सुमाराला नाव गाजलं ते करीनाच्या डाएटिशियनचं, मुंबईच्या ऋजुता दिवेकरचं. २००९ मध्ये तिचं 'डोन्ट लूज युवर माइंड, लूज युवर वेट' हे पुस्तक आलं, प्रस्तावना करीनाची. लोकांनी उत्सुकतेनं उघडलं. वाटलं, आत काहीतरी विदेशी, महागडं असणार. आणि आत काय? उपाशी राहू नका. उठल्यावर लवकर काहीतरी खा, मग दर दोन तासांनी थोडं थोडं खा. आजी खायची ते खा. पोहे, उपमा, इडली, पराठा चालेल, भात चालेल, वर तूपही चालेल!

मराठी आयांना केवढा आनंद झाला म्हणून सांगू! वर्षानुवर्षं 'पोहे खा गं' म्हणून ओरडणाऱ्या आईचं पोरींनी ऐकलं नव्हतं. करीनाच्या डाएटिशियननं सांगितल्यावर लगेच ऐकलं.

नेमकं उलट सांगणारा आवाज आला लातूरहून. तिथल्या सरकारी मेडिकल कॉलेजातले प्राध्यापक डॉ. जगन्नाथ दीक्षित. त्यांनी पुढे नेली ती डॉ. श्रीकांत जिचकारांची कल्पना. नागपूरचे जिचकार म्हणजे डझनावारी पदव्यांमुळे दंतकथा झालेला माणूस. २००४ मध्ये अपघातात ते गेले. दीक्षितांचा मंत्र सुटसुटीत: कडकडून भूक लागेल तेव्हा, दिवसातून फक्त दोनदा जेवा. प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत संपवा. अधेमधे काही नाही, साखरेचा चहासुद्धा नाही. आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. कारण काय? प्रत्येक खाण्याबरोबर इन्सुलिन पाझरतं. खाण्याच्या वेळा कमी तर इन्सुलिनचे हेलकावे कमी.

२०१८ च्या आसपास महाराष्ट्रात घरोघरी दोन पार्ट्या पडल्या. दिवेकर की दीक्षित? लग्नाच्या पंगतीत, ऑफिसच्या कँटीनमध्ये, अगदी सत्यनारायणाच्या प्रसादापर्यंत वाद! एकाने शिरा पुढे केला की दुसरा घड्याळ बघणार: "माझी पंचावन्न मिनिटं संपली हो!"

गंमत सोडा, पण दोघांचं श्रेय मान्य करायला हवं. आहारशास्त्र हा विषय मराठी माणसाच्या गप्पांत आणला तो या दोघांनी. दोघांचाही सल्ला फुकटात पाळता येण्यासारखा. पावडर नको, डबे नकोत, इंपोर्टेड काही नको. आणि दोघंही एका गोष्टीवर एकमत आहेत: येता-जाता तोंडात टाकायची बिस्किटं, फरसाण आणि कोल्ड्रिंक बंद.

मग विज्ञान काय म्हणतं?

इथे जरा निराशा होईल, कारण विज्ञान कुठल्याच पार्टीत जात नाही. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये २०१९ साली ऑस्ट्रेलियातल्या मोनॅश विद्यापीठाच्या संशोधकांनी १३ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. नाश्ता करणाऱ्यांच्या पोटात दिवसभरात सरासरी २६० कॅलरी जास्त गेल्या आणि नाश्ता टाळणाऱ्यांचं वजन जवळपास अर्धा किलो कमी भरलं. म्हणजे 'नाश्ता केला की वजन उतरतं' हा समज डळमळला. बहुतेक चाचण्या थोड्या काळाच्या होत्या, हे संशोधकांनी स्वतःच सांगितलं.

उपासवाल्यांनी टाळ्या वाजवायच्या आधी दुसरा निकाल ऐका. २०२२ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये चीनमधल्या १३९ स्थूल व्यक्तींचा वर्षभराचा अभ्यास आला. काहींनी कॅलरी कमी केल्या, काहींनी तेवढ्याच कमी कॅलरी दिवसाच्या आठ तासांत बसवल्या. वर्षाअखेरीस दोन्ही गटांच्या वजनात म्हणावा असा फरक नव्हता. उपासाच्या मेसेजेसमध्ये हमखास येणारं २०१६ चं नोबेल? योशिनोरी ओसुमी यांना ते मिळालं पेशी स्वतःचा कचरा कसा वापरतात या संशोधनासाठी, आणि त्यांचे मूळ प्रयोग होते यीस्टवर. यीस्टला बिचाऱ्याला सकाळची लोकल पकडायची नसते!

थोडक्यात, नाश्ता करणारा पापी नाही आणि न करणाराही नाही. दिवसभरात एकूण किती आणि काय खाल्लं, याला महत्त्व जास्त.

पण ज्याला मधुमेह आहे आणि गोळ्या चालू आहेत, त्याचं तसं नाही. काही गोळ्या आणि इन्सुलिन हे पोटात अन्न जाणार हे गृहीत धरून दिलेले असतात. गोळी घेतली आणि खाल्लंच नाही, तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. घाम, थरथर, चक्कर, प्रसंगी बेशुद्धी. आणि ही मंडळी थोडीथोडकी नाहीत. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार भारतात मधुमेही १० कोटींच्या वर आहेत. म्हणजे जवळजवळ प्रत्येक बिल्डिंगीत कुणी ना कुणी बाबा सकाळी चहाचा कप धरून 'खायचं काय?' विचारत बसलेले आहेत.

डॉक्टरांचे तीन प्रश्न

शेवटी बाबांना घेऊन आम्ही दोघं भावंडं त्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. मी आपली वही-पेन काढून तयार. पण डॉक्टरांनी ओट्सचं नाव काढलं नाही की पोह्यांचं. त्यांनी बाबांना विचारलं, "सकाळची गोळी किती वाजता घेता? त्यानंतर खरी भूक किती वाजता लागते? आणि घरी स्वयंपाक कोण करतं?"

तिसऱ्या प्रश्नावर दादा आणि मी एकमेकांकडे बघितलं.

डॉक्टर म्हणाले, "जे पथ्य घरातल्या एका माणसाला पहाटे पाचला उठवून तीन चुली पेटवायला लावतं, ते तीन महिन्यांवर टिकत नाही. ज्या नाश्त्याला सगळं घर बसतं तोच सुधारा."

मला वाटतं, इथेच सेलिब्रिटी डाएटची खरी गोम आहे. त्यांच्या ताटातले पदार्थ आपल्यासारखेच असतात, आताशा ते अभिमानाने दाखवतातही. फरक ताटामागच्या हातांचा. वेळेवर शिजवून देणारा कुक, शेजारी ट्रेनर, दिवसाचं वेळापत्रक आखणारा मॅनेजर. शरीर हेच त्यांचं ऑफिस असतं. आपल्याकडे कुक म्हणजे आई किंवा बायको किंवा आपण स्वतः, आणि मॅनेजर म्हणजे पनवेल लोकल. म्हणून कुठलाही नवा डाएट ट्रेंड आला की मी आता स्वतःला विचारते: हा माझा कुठला प्रश्न सोडवतोय? भुकेचा, वेळेचा की आजाराचा? कॉर्नफ्लेक्स वेळेचा प्रश्न सोडवतात, पण विकले जातात आरोग्याच्या नावाने. उपास काहींचा वजनाचा प्रश्न सोडवत असेल, पण आजाराचा सोडवायचा तर डॉक्टरांना विचारूनच. आणि बरणीतले रंगीत ओट्स? ते भूक आणि वेळ दोन्ही सोडवतात, वरची सजावट फक्त कॅमेऱ्यासाठी!

पोह्यांवरचं प्रेम आणि प्रगतीपुस्तक

पोह्यांवर माझं प्रेम आहे, म्हणून त्यांचं प्रगतीपुस्तक लपवणार नाही. 'पोह्यात भरपूर लोह' असा मेसेज तुम्हाला आला असेलच. त्याचं मूळ जुन्या पोषण तक्त्यांत आहे; तिथे १०० ग्रॅम पोह्यांत २० मिलिग्रॅम लोह दिलंय. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या नव्या तक्त्यांत तोच आकडा साडेचारच्या आसपास आहे. प्रोटीन सातेक ग्रॅम, बाकी बराचसा स्टार्च. याउलट ओट्समध्ये प्रोटीन आणि फायबर खरोखरच जास्त. त्यातलं बीटा-ग्लुकन कोलेस्टेरॉल थोडं उतरवतं हेही सिद्ध झालंय. दादा अगदीच चुकीचा नव्हता!

पण पोहे एकटे कधी होते? शेंगदाणे घाला. मूठभर दाण्यांत सातेक ग्रॅम प्रोटीन. लिंबू पिळा, त्यातलं क जीवनसत्त्व लोह शोषायला मदत करतं. मटार, गाजर, मोड आलेले मूग घाला आणि पोहे थोडे कमी घ्या. आज्यांनी केलेली ही सजावट नव्हती, ते पथ्यच होतं.

आमच्या मागच्या गल्लीत एक आगरी काकू आहेत. सकाळी त्यांच्याकडे तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी आणि चहा. मी त्यांना सुक्या मासळीतलं प्रोटीन, कॅल्शियम वगैरे उत्साहानं समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "आमची न्यारी हाय ती. तुमी तिला प्रोटीन म्हना." आता बोला!

आणि असल्या 'गरिबाच्या' न्याहारीला कधी कुठे मान मिळेल सांगता येत नाही. २०२१ च्या 'मास्टरशेफ ऑस्ट्रेलिया'च्या अंतिम फेरीत किश्वर चौधरीनं काय रांधलं होतं? बंगाली पांता भात. म्हणजे पाण्यात भिजवून ठेवलेला भात! सोबत बटाट्याचं भरीत आणि मासा. परीक्षक खूश, ती तिसरी आली. आपल्याकडे २०२३ च्या आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्षानं नाचणीलाही असंच स्टेजवर चढवलं. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. आंबील पिणाऱ्या आजीला हा आकडा ठाऊक नव्हता, पण तिचं काही अडलं नाही.

आमच्या घरी आता एकच नाश्ता होतो. पोहे तर पोहे, पण भाज्या आणि दाणे घालून. बाबांची वाटी लहान, सोबत एक उकडलेलं अंडं. दादा त्याच पोह्यांवर आपली अंडी खातो. वहिनीचा नाश्ता डब्यातून ऑफिसात जातो आणि बाराला उघडतो. आदल्या रात्री चिराचिरी कुणाची, याची पाळी फ्रिजवर लिहिलेली आहे. बाबांचं पुढचं एचबीएवनसी ७.३ आलं. यात गोळ्यांचा, चालण्याचा आणि नाश्त्याचा वाटा किती किती, ते डॉक्टरही सांगत नाहीत. दुसरा रिपोर्ट मात्र कुठल्या लॅबमध्ये निघत नाही: आई सात वाजता सगळ्यांबरोबर खुर्चीवर बसून, गरम खाते.

लोकलप्रूफ नाश्ता : पाच आयडिया

*दडपे पोहे.* पातळ पोहे, ओलं खोबरं, कांदा, काकडी, लिंबू, नारळाचं पाणी. थोडा वेळ दडपून ठेवा, वरून फोडणी. पोहे शिजवायला नकोत, डब्यात उलट छान मुरतात.

*मुगाची धिरडी.* मूग रात्री भिजवा, सकाळी आलं-मिरची घालून वाटा. दोन धिरडी दहा मिनिटांत. गुंडाळून एका हातात धरता येतात, प्रोटीनही चांगलं.

*नाचणीची आंबील.* पीठ रात्री ताकात कालवा, सकाळी पाण्यात शिजवा, जिरं-मीठ घाला. बाटलीत भरा. गर्दीतही पिता येते.

*चपातीची गुंडाळी.* कालची चपाती चालेल. आत तूप-साखरेऐवजी अंड्याची भुर्जी किंवा मटकीची उसळ. उसळ कोरडी हवी, नाहीतर शेजारणीच्या साडीवर!

*फोडणीचे ओट्स.* तयार पाकिटाऐवजी साधे ओट्स घ्या, उपम्यासारखे करा. मीठ किती ते तुमच्या हातात राहतं. आणि कुठलंही पाकीट घेतलंच, तर पुढचं हिरवं पान बघू नका. मागे १०० ग्रॅममध्ये साखर किती ते वाचा.

आणि हो, नाश्ता आवडला तर उद्याचा कांदा कोण चिरणार, हे आज रात्रीच ठरवून टाका!